नायट्राईल रबर: तेलाच्या जागी सील निवडायचं, तपासायचं आणि बसवायचं कसं

दुकानात जाऊन आपण म्हणतो, "४० बाय ५२ बाय ७ चं ऑइल सील द्या." दुकानदार मागच्या फळीवरून डबा काढतो, सील देतो, पैसे घेतो. ते कोणत्या रबराचं आहे हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. काळं आहे, गोल आहे, मापाचं आहे, विषय संपला.

माझाही असाच समज होता. मुरूम वाहणाऱ्या एका डंपिंग ट्रॉलीचा जॅक गळायला लागला म्हणून आम्ही तो खोलला. एक ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारी रबराची गोल कडी, तुटलेली होती. माझ्याकडच्या डब्यात त्याच मापाची नवी कोरी सापडली, ती बसवली. चार दिवसांत जॅक पुन्हा गळू लागला. खोलून बघतो तर ओ-रिंग दीडपट जाड, लिबलिबीत, खाचेतून अर्धी बाहेर आलेली. ती पाण्याच्या फिटिंगची, ईपीडीएम रबराची होती. माप बरोबर होतं, रबर चुकलं होतं. हायड्रॉलिक तेलात तिथे हवं होतं नायट्राईल.

आधी त्याचा स्वभाव समजून घ्या

नायट्राईल रबर म्हणजे एनबीआर. ब्युटाडाईन आणि अ‍ॅक्रिलोनायट्राईल ही दोन रसायनं एकाच साखळीत गुंफून ते बनतं. १९३० च्या दशकात जर्मनीत आयजी फार्बेन या रसायन कंपनीच्या एरिक कोनराड आणि एडुआर्ड चुंकूर यांनी ते विकसित केलं. त्याचं जुनं नाव बुना-एन. जुन्या कॅटलॉगांत आणि काही निर्यातीच्या पाकिटांवर ते अजून भेटतं, तेव्हा गोंधळू नका, माल तोच.

झाडाच्या चिकापासून होणारं रबर आपल्याकडेही पिकतं. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला त्याच्या बागा आहेत. ताण, झीज, लवचिकपणा यांत नैसर्गिक रबराला तोड नाही, पण खनिज तेल लागलं की ते फुगून मऊ पडतं. कारण तेलाचे रेणू आणि त्या रबराचे रेणू एकाच वळणाचे असतात, दोघांवरही विद्युतभाराची ओढाताण जवळजवळ नसते, म्हणून ते एकमेकांत सहज मिसळतात. अ‍ॅक्रिलोनायट्राईलमध्ये मात्र कार्बन-नायट्रोजनची जी जोडी असते तिच्या एका टोकाला ऋण आणि दुसऱ्याला धन भार झुकलेला असतो. अशा साखळीत तेलाला शिरकाव करणं जड जातं.

हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढची अर्धी यादी पाठ करावी लागत नाही. जे द्रव स्वतःच तशाच झुकलेल्या भाराचे आहेत, उदाहरणार्थ अ‍ॅसिटोन, एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), इथाइल अ‍ॅसिटेट, थिनर, ब्रेक फ्लुइड, ते नायट्राईलला फुगवतात. तेल अडवायला जो गुण उपयोगी पडतो, तोच इथे अंगाशी येतो.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. अ‍ॅक्रिलोनायट्राईलचा वाटा साधारण १८ ते ५० टक्क्यांत ठेवतात. नेहमीच्या सीलांत तो ३३-३४ टक्क्यांच्या आसपास असतो. वाटा वाढवला की तेल-पेट्रोलला टिकाव वाढतो, पण रबर थंडीत लवकर ताठतं. कमी केला की थंडीत मऊ राहतं, पण तेलात जास्त फुगतं. आपल्याकडे थंडीचा प्रश्न क्वचितच येतो. बर्फाच्या कारखान्यातलं किंवा कोल्ड स्टोरेजमधलं काम असेल तरच त्याची चौकशी करा.

तिसरा मुद्दा उन्हाचा. ब्युटाडाईनच्या भागात दुहेरी बंध शिल्लक राहतात आणि ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. ताणलेल्या अवस्थेत उन्हात, मोकळ्या हवेत ठेवलेल्या साध्या नायट्राईलवर ताणाला आडव्या बारीक चिरा पडतात. गच्चीवर, शेतात, उघड्यावर काम असेल तर पीव्हीसी मिसळलेलं नायट्राईल तरी घ्या. एसीच्या पाइपवरची ती काळी मऊ फोमची नळी पुष्कळदा याच मिश्रणाची असते, तरी उन्हात तिच्यावरून टेप किंवा पत्र्याचं आवरण घालावंच लागतं. जोडणारा आवरण न घालता गेला की दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो.

पायरी १: मापाआधी द्रव विचारा

सील ज्याला अडवणार आहे तो पदार्थ कोणता, हा पहिला प्रश्न.

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस, डिझेल, रॉकेल, एलपीजी, शेंगदाणा किंवा करडईचं तेल, साधं थंड पाणी, हवा: डोळे मिटून नायट्राईल घ्या. खाद्यतेलाच्या घाण्यासाठी मात्र खाद्य दर्जाचं मागा आणि त्याचं प्रमाणपत्र बघा, नुसता पांढरा रंग पुरेसा नाही.

वाफ, सोलरचं गरम पाणी: इथे ईपीडीएम. नायट्राईल काही काळ चालेल, मग कडक होईल.

ब्रेक फ्लुइड डॉट ३ किंवा डॉट ४: नायट्राईल अजिबात नको. हे ग्लायकॉल-ईथरचं द्रव आहे आणि ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर ईपीडीएमसारखे वेगळे असतात. उलट चूकही तितकीच घातक. ब्रेकच्या टाकीत कमी पडलं म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतलं, तर आतले सगळे कप फुगून ब्रेक जाम होतात किंवा निकामी होतात. असं झालं तर नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचं प्रत्येक रबर बदलावं लागतं.

पेट्रोल: इथे थोडं थांबायला हवं. निव्वळ पेट्रोलमध्ये चांगल्या दर्जाचं नायट्राईल बऱ्यापैकी टिकतं. पण पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि गंमत अशी की नायट्राईल नुसत्या पेट्रोलमध्ये किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये जेवढं फुगतं त्यापेक्षा दोन्हींच्या मिश्रणात जास्त फुगतं. जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमधली ओ-रिंग आधी फुगते, गाडी महिनाभर उभी राहिली की सुकून आक्रसते, आणि पेट्रोल ठिबकायला लागतं. कार्ब्युरेटर खोललाच असेल तर तिथे एफकेएम, म्हणजे फ्लोरीनयुक्त रबर, टाका. बाजारात त्याला सरसकट "व्हायटन" म्हणतात. महाग पडतं, पण ओ-रिंग केवढी आणि फरक केवढा याचा हिशोब करा.

थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट: नायट्राईल नको. निळ्या नायट्राईल हातमोज्यांनाही हेच लागू. ग्रीस आणि डिझेलसाठी ते उत्तम, शिवाय नैसर्गिक लॅटेक्समधल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना चालतात. पण रंगकाम करणारे तेच घालून अ‍ॅसिटोनमध्ये हात बुडवतात, तेव्हा अ‍ॅसिटोन काही मिनिटांतच आरपार पोचतं. हातमोजा फाटत नाही म्हणून कुणाला कळत नाही, एवढंच.

पायरी २: तापमान खरं मोजा

साध्या नायट्राईलची कायमची कामाची मर्यादा उणे ३० ते १०० अंश सेल्सियस धरा. थोड्या वेळासाठी १२० पर्यंत चालतं. ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला रबराचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ८० अंशांना जे सील चार वर्षं चालेल ते १०० अंशांना एकच वर्ष.

इथे फसगत होते ती फिरणाऱ्या शाफ्टवर. तेल ८० अंशांना असतं, पण लिप, म्हणजे सीलची आतली पातळ कड, शाफ्टवर घासते तिथे घर्षणाने २०-३० अंश सहज जास्त असतात. वेग काढायचं सूत्र सोपं आहे: ३.१४ गुणिले शाफ्टचा व्यास मिमीमध्ये, गुणिले आरपीएम, भागिले ६०,०००. ४० मिमी शाफ्ट १४४० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला सुमारे ३ मीटर. नायट्राईलच्या ऑइल सीलला १०-१२ मीटरपर्यंत जाता येतं, त्यामुळे साधी मोटर, पंप, गिअरबॉक्स आरामात बसतात. त्यापुढे किंवा जास्त उष्णतेला एचएनबीआर, म्हणजे हायड्रोजन देऊन दुहेरी बंध जवळजवळ संपवलेलं नायट्राईल, १५० अंशांपर्यंत जातं. तेही पुरत नसेल तर पुन्हा एफकेएम.

पायरी ३: कडकपणा ठरवा

रबराचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. ओ-रिंगसाठी ७० हा नेहमीचा आकडा, साधारण गाडीच्या टायरच्या ट्रेडएवढा. जास्त दाब असेल, किंवा पिस्टन आणि सिलिंडरमधली फट थोडी मोठी असेल, तर ९० मागा. मऊ रबर दाबाने त्या फटीत ढकललं जातं आणि कडेने कुरतडल्यासारखं तुटतं. नुसतं ९० टाकूनही फट राहतेच, म्हणून जॅकसारख्या ठिकाणी मागे टेफ्लॉनची बॅकअप रिंग द्या. ती जुन्या खाचेत होती का हे खोलतानाच बघून ठेवा. ती हमखास कचऱ्यात जाते.

कडकपणाचा खेळ सूतगिरणीत बघावा. सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या वरच्या रोलरवरचे कॉट, म्हणजे रबरी वेष्टणं, नायट्राईलचे असतात. मऊ कॉट धागा घट्ट धरतो पण लवकर झिजतो, कडक टिकतो पण पकड कमी. ठरावीक दिवसांनी ते ग्राइंडिंगवर घासून पुन्हा गोल करून घ्यावे लागतात. छपाईच्या ऑफसेट यंत्रांच्या रोलरवरही तेलयुक्त शाईसाठी हेच रबर.

पायरी ४: खरंच नायट्राईल आहे का, घरीच तपासा

जाळून वास घेण्याची पद्धत कुणी सांगेल. करू नका. नायट्राईल जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो, आणि चुकून ते एफकेएम निघालं तर त्याचा धूर त्याहून वाईट.

त्यापेक्षा दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत डिझेल, दुसरीत अ‍ॅसिटोन. नमुन्याचे दोन तुकडे कापा, प्रत्येकाचं वजन सोनाराकडे असतो तशा ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर करा, जाडी व्हर्नियरने मोजा. हे काम खिडकीजवळ, शेगडीपासून लांब, झाकण लावून करा. २४ तासांनी काढून पुसा, पुन्हा मोजा.

नायट्राईल असेल तर डिझेलमध्ये फरक किरकोळ, अ‍ॅसिटोनमध्ये मात्र चांगलंच फुगलेलं. ईपीडीएम नेमकं उलट: डिझेलमध्ये बोटाला लगेच जाणवेल इतकं फुगलेलं, अ‍ॅसिटोनमध्ये जवळजवळ तसंच. नैसर्गिक रबरही डिझेलमध्ये फुगतं. निओप्रीन मधल्या रांगेत. एफकेएम डिझेलला दाद देत नाही आणि अ‍ॅसिटोनमध्ये फुगतं, म्हणजे नायट्राईलसारखंच वागतं, पण ते हाताला लगेच जड लागतं: पाण्याच्या सुमारे १.८ पट घनता, तर नायट्राईलचं मिश्रण १.२-१.३ च्या आसपास.

आता तो डिझेलमधला तुकडा दोन दिवस हवेवर सुकवा आणि पुन्हा वजन करा. सुरुवातीच्या वजनापेक्षा बरंच कमी भरलं आणि तुकडा कडक झाला, तर त्यात स्वस्ताईसाठी मऊ करणारं तेल भरपूर घातलेलं होतं. डिझेलने ते बाहेर काढलं. असा माल नावाला नायट्राईल असतो, पण वर्षभरात आक्रसून गळतो. माझ्या मते घाऊक खरेदी करणाऱ्याने ही शेवटची चाचणी चुकवूच नये.

पायरी ५: जुनी ओ-रिंग मोजू नका, खाच मोजा

जुनी रिंग फुगलेली तरी असते, नाहीतर चपटी. तिच्यावरून माप घेतलं की चूक ठरलेली. खाचेचा व्यास, रुंदी आणि खोली मोजा.

बाजारात दोन मालिका शेजारी-शेजारी विकल्या जातात. इंची मालिकेतल्या जाड्या १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मिमी. मेट्रिकमध्ये २, २.५, ३, ३.५, ४ अशा. समजा खाचेची खोली बसवल्यावर २.८ मिमी उरते. ३.५३ ची रिंग टाकली तर ती ०.७३ मिमी दबते, म्हणजे सुमारे २१ टक्के. न हलणाऱ्या जागी १५ ते ३० टक्के दाब हवा, तो मिळाला. तिथे "जवळपास तीच" म्हणून ३ मिमीची टाकली तर दाब ०.२ मिमी, म्हणजे ७ टक्केसुद्धा नाही. पहिल्या दिवशी सुकं दिसेल, आठवड्याने ओलं. हलणाऱ्या पिस्टनवर दाब थोडा कमी, १० ते २० टक्के ठेवतात, नाहीतर घर्षणाने रिंग तापते.

आतला व्यास खाचेपेक्षा किंचित लहान घ्या, म्हणजे रिंग १ ते ५ टक्के ताणली जाईल. त्याहून जास्त ताणलं की ती बारीक होते आणि लवकर चिरते. आणि खाच रबराने काठोकाठ भरू नका. तेलात थोडं फुगायला आणि उष्णतेने पसरायला जागा हवी, साधारण ८५ टक्क्यांवर थांबा.

ऑइल सीलवर मापं छापलेली असतात: शाफ्ट, हौसिंग, जाडी या क्रमाने.

पायरी ६: बसवणं

बहुतेक नवी सीलं बसवतानाच मरतात. आधी शाफ्ट बघा. जुन्या लिपने त्यावर नखाला लागेल अशी चर पाडली असेल तर त्याच जागी नवं सील टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हौसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिमी आत किंवा बाहेर सरकवून लिप कोऱ्या भागावर आणा. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह बसवून घ्या किंवा टर्नरकडून शाफ्ट भरून ग्राइंड करून घ्या. नुसतं लेथवर टर्निंग करून आणू नका, कारण टूलच्या सूक्ष्म आट्या स्क्रूसारखं तेल बाहेर ढकलतात.

लिपला आणि ओ-रिंगला त्याच यंत्रातलं तेल लावा. कोरडं बसवलं की पहिल्या काही फेऱ्यांतच लिप जळते. नायट्राईलला व्हॅसलिन किंवा साधं ग्रीस चालतं. ही सवय ईपीडीएमकडे नेऊ नका, तिथे सिलिकॉन ग्रीसच. कीवे (शाफ्टवरची चावीची खाच), आटे, धारदार कडा यांवरून रिंग सरकवायची असेल तर वर सेलोटेप गुंडाळा, सील पार झालं की काढून टाका.

ऑइल सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा लहान पाइपचा तुकडा किंवा जुनी बेअरिंगची रिंग ठेवून सगळीकडून सारखं ठोका. एका कडेला हातोडी मारली की सील तिरपं बसतं आणि स्प्रिंग उडते. उडालेली स्प्रिंग गिअरबॉक्समध्ये सापडेपर्यंत तुम्ही गळतीचं कारण भलतीकडेच शोधत बसता.

ओ-रिंगला वरून अ‍ॅनाबॉन्डसारखं चिकट सीलंट, फेव्हिक्विक किंवा टेफ्लॉन टेप लावणाऱ्यांना हात जोडून सांगणं: नका. रिंग दबून काम करते, चिकटून नाही.

पायरी ७: निकामी सील टाकण्याआधी वाचा

फुगून मऊ झालं: द्रव चुकला. कडक होऊन दुमडताच तुटलं: उष्णता. गोल रिंग चपटी होऊन परत येत नाही: जास्त दाब, जास्त तापमान किंवा हलक्या दर्जाचं मिश्रण. कडेला कुरतडलेलं: फट मोठी किंवा रबर मऊ. रिंगभर मळसूत्रासारखा पीळ: हलणाऱ्या जागी ती गुंडाळली गेली, बहुधा कोरडी बसवल्यामुळे. आडव्या बारीक चिरा: ओझोन, आणि यात पुष्कळदा सील यंत्रात जाण्याआधीच मेलेलं असतं.

साठवण

रबर साठवणीच्या आयएसओ २२३० या मानकानुसार नायट्राईलची सीलं न जोडलेल्या अवस्थेत ७ वर्षं ठेवता येतात, तपासणीनंतर आणखी ३. ईपीडीएम आणि एफकेएमला १० वर्षं मिळतात. पण ही वर्षं थंड, अंधाऱ्या, कोरड्या खोलीतली: तापमान २५ अंशांच्या आत, आर्द्रता ७० टक्क्यांखाली. आपल्या पत्र्याच्या शेडमधल्या एप्रिल-मेला ती लागू नाहीत, तेव्हा मुदत निम्मीच धरा.

सीलं वेल्डिंग मशीन आणि मोठ्या मोटरींपासून लांब ठेवा, ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. काळ्या किंवा अपारदर्शक पिशवीत, सपाट, न दुमडता. ओ-रिंगांचा झुबका खिळ्याला टांगायची आपली पद्धत सोडा. खिळ्यावर जिथे भार येतो तिथेच ती ताणली जाते आणि चिर तिथूनच सुरू होते. पिशवीवर मार्करने चार गोष्टी लिहा: रबर, माप, शोअर, खरेदीचा महिना. माझ्या त्या डब्यात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. आता त्याचे दोन डबे केलेत, एकावर "तेल" आणि दुसऱ्यावर "पाणी".